सँटोरिनी गेलं, हेराक्लिऑन आलं : क्रूझचं पोर्ट ऐनवेळी बदललं तर या चुका टाळा

सकाळी साडेसहाला कॉरिडॉरमधल्या स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, काहीतरी गडबड आहे, एवढ्या पहाटे कोणी गुड न्यूज द्यायला उठवत नाही. आणि तेच झालं. वारा जास्त आहे, टेंडर बोटी सोडता येणार नाहीत, म्हणून आज ग्रीसचं सँटोरिनी बेट रद्द, त्याऐवजी क्रीट बेटावरचं हेराक्लिऑन, दुपारी साडेबाराला पोचणार, संध्याकाळी साडेसातला निघणार. झालं. आम्ही ठाण्याहून सहा जण गेलेलो, सासूबाईंसकट सगळ्यांनी खास सँटोरिनीच्या फोटोंसाठी पांढरे-निळे कपडे घेतलेले, नणंदेने तर मॅचिंग टिकल्यासुद्धा आणलेल्या.

बाल्कनीत जाऊन बघितलं तर लख्ख ऊन, आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही. त्यामुळे अर्ध्या लोकांना वाटत होतं की हे उगाच कारण देतायत. तसं नसतं. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि तो असा कोरड्या स्वच्छ दिवशीच जोरात वाहतो. सँटोरिनीला मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही, जहाज बाहेर पाण्यात थांबतं आणि छोट्या टेंडर बोटींमधून माणसं फिरा नावाच्या गावाच्या खाली जुन्या बंदरावर नेतात, तिथून वर जायला केबल कार नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या नाहीतर गाढव. लाटा असल्या की जहाजातून त्या बोटीत पाय टाकणंच धोक्याचं. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद करतात तसंच समजा. मिकोनॉस बेटालाही वाऱ्यामुळे हे बऱ्याचदा होतं. तेव्हा तिकडची क्रूझ बुक करतानाच इटिनररीत कुठल्या पोर्टपुढे टेंडर लिहिलंय ते बघून ठेवा, ते पोर्ट हातचं जाऊ शकतं असं धरूनच चाला.

आता आमच्या चुका सांगते, क्रमाने नाही, जशा आठवतील तशा.

पहिली म्हणजे नवरा उठला तो दात न घासता शोअर एक्स्कर्शनच्या, म्हणजे बंदरावर उतरून फिरायच्या टूर विकणाऱ्या डेस्ककडे पळाला. तिथे आधीच पन्नास-साठ माणसं. तासभर लाइनीत उभा राहिला आणि त्याचा नंबर येईपर्यंत चांगल्या टूर भरल्या, मग उरलेल्यातली एक त्याने घाईघाईत सहा जणांसाठी घेऊन टाकली कारण मागचे लोक खांद्यावरून डोकावत होते. आणि गंमत म्हणजे तीच सगळी लिस्ट जहाजाच्या अ‍ॅपवर आधीच आलेली होती! केबिनमध्ये चहा पीत बघता आली असती. पोर्ट बदललं की आधी अ‍ॅप उघडा, घरातल्या एकालाच लाइनीत पाठवायचं असेल तर पाठवा पण त्याला फोनवर तुम्ही सांगा काय घ्यायचं, त्याने तिथे उभं राहून ठरवायचं नाही. जहाजातल्या वायफायवर मेसेज जातात. मोबाइल मात्र एअरप्लेन मोडवरच ठेवा, भर समुद्रात जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल बघून चक्कर येईल.

आम्ही जी घेतली तिचं नाव होतं क्रीटच्या खेड्यांची सफर, ऑलिव्ह ऑइल टेस्टिंग आणि सीनिक ड्राइव्ह. ऐकायला छान ना? सीनिक ड्राइव्ह म्हणजे बसमध्ये बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. साडेचार तासांच्या टूरमध्ये पावणेतीन तास आम्ही खिडकीतून ऑलिव्हची झाडं बघत होतो, घाटात लेकीला बस लागली ती वेगळीच. अख्ख्या टूरमध्ये एकच गोष्ट झकास झाली. एका गावात डाकोस नावाचा पदार्थ दिला, बार्लीचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, चीज आणि भरपूर ऑलिव्ह ऑइल. सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, अगं हा तर शिळ्या भाकरीचा कुस्करा, फक्त कांदा घालायचा राहिलाय. दोन खाल्ले त्यांनी.

पण मुळात चुकलं कुठे तर आम्ही नकाशाच बघितला नाही. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एलिफंटा येतं. क्रीट म्हणजे जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडं मोठंच, आणि लांबी अडीचशे किलोमीटरच्या वर. डेस्कवर एक बाई एलाफोनिसीचा गुलाबी वाळूचा बीच मागत होती, तो बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, जायलाच तीन तासांच्या वर. खानिया शहर फार सुंदर आहे म्हणे पण हेराक्लिऑनहून तेही सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे येऊन जाऊन साडेचार-पाच तास नुसता रस्ता. आणि एक गृहस्थ तर विचारत होते की इथून सँटोरिनीला फेरी आहे ना मग आपण आपले जाऊन येऊ का. आहे फेरी, हायस्पीडवाल्या आहेत, पण एका बाजूने दोनेक तास लागतात, आणि अहो काका, ज्या वाऱ्याने एवढं मोठं जहाज वळवलं तोच वारा त्या फेरीलाही असणार की नाही.

हे सगळे जण, आम्ही धरून, एकच करत होतो. गेलेल्या पोर्टची भरपाई शोधत होतो. सँटोरिनी नाही तर सँटोरिनीसारखं काहीतरी द्या. तसं नसतं मिळत. बदललेल्या पोर्टवर आधी वेळ मोजायचा आणि मग अंतर, ठिकाणाचं नाव सगळ्यात शेवटी.

वेळ कसा मोजायचा ते नीट सांगते कारण इथेच सगळे फसतात. आमचं बघा, साडेबारा ते साडेसात, वाटतं सात तास आहेत. पण साडेबाराला जहाज धक्क्याला लागतं, कागदपत्रं होऊन खाली सोडेपर्यंत पाऊण तास जातो, म्हणजे सव्वा. परत यायची वेळ ही निघायच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधी असते, कधी जास्तही, म्हणजे सात. स्वतःचे स्वतः फिरणार असाल तर आणखी पाऊण तास हातात ठेवा, ट्रॅफिक आहे, कोणाला तरी टॉयलेटला जायचं असतं, म्हणजे सव्वासहा. राहिले पाच तास. त्यात माझा आता नियम असा की एका बाजूच्या प्रवासाला या वेळेच्या पाव भागापेक्षा जास्त जात असेल तर ते ठिकाण बाद, कितीही प्रसिद्ध असू दे. पाच तासांत सव्वा तास एका बाजूला, बास. आणि पोर्ट बदललं की वेळ बहुतेक वेळा कमीच होतो कारण तिथे पोचण्यातच सकाळ गेलेली असते. त्यातून एक फायदा असा की जहाजावर नीट जेवून उतरता येतं, शाकाहारी असाल तर हे विसरू नका, टूरमधल्या लंचला आमच्यासमोर मटणच आलं होतं.

त्या रात्री डायनिंगला शेजारच्या टेबलावर नाशिकचं एक कुटुंब होतं, आजी-आजोबा आणि दोन नातवंडं. त्यांनी टूर घेतलीच नाही. हेराक्लिऑनचं बंदर गावालाच चिकटून आहे, पंधरा-वीस मिनिटं चाललं की तुम्ही मधल्या चौकात. आजोबा नातवाला घेऊन सिटी बसने क्नोसॉसला गेले, जेमतेम पाच किलोमीटर, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा मिनोअन, म्हणजे क्रीटवरच्या प्राचीन संस्कृतीचा राजवाडा, १९०० साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने खणायला घेतलेला, त्याने बरेचसे खांब-भिंती काँक्रीटने परत उभारल्या म्हणून तज्ज्ञ लोक अजून नाकं मुरडतात पण आपल्यासारख्याला निदान राजवाडा होता हे समजतं तरी. तिथे सावली फार नाही, जुलैची दुपार. म्हणून आजी आणि नात थेट गावातल्या पुरातत्त्व म्युझियमला गेल्या, एसी, बसायला बाक, आणि क्नोसॉसला सापडलेल्या मूळ वस्तू तर बहुतेक तिथेच, बैलावरून कोलांटउडी मारणाऱ्या माणसाचं ते भित्तिचित्र, शिवाय क्रीटवरच्याच फाइस्टोसच्या राजवाड्यात सापडलेली ती मातीची तबकडी जिच्यावरची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. मग सगळे सिंहांच्या कारंज्यापाशी भेटले आणि बुगात्सा खाल्ला, पातळ पापुद्र्यांत क्रीम, वर पिठीसाखर. आजोबा मोबाइलवर फोटो दाखवत होते आणि आमच्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना ते म्युझियम किती सोपं गेलं असतं हे मलाही कळत होतं.

म्हणजे टूर घेऊच नका असं नाही हां. लांब जायचं असेल तर जहाजाचीच टूर घ्या, कारण त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या पोर्टपर्यंत पोचवायची जबाबदारी ते घेतात, तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. गाव बंदराला चिकटून असेल तर स्वतः फिरा. मधलं अंतर असेल, वीस-तीस किलोमीटर, तर चार-सहा जणांत टॅक्सी परवडते, फक्त पैसे परत आल्यावरच द्यायचे.

अशा मधल्या अंतराचं उदाहरण म्हणजे तुर्कस्तानचं कुशादासी, ग्रीक बेटांच्या क्रूझवर बदली म्हणून तेही येऊ शकतं. तिथून एफेसस हे प्राचीन शहर साधारण वीस किलोमीटर, या भागातलं माझ्या मते सगळ्यात भारी ठिकाण. पण टॅक्सीवाल्याला वरच्या गेटला सोडायला आणि खालच्या गेटला घ्यायला सांगा, म्हणजे सगळा रस्ता उताराचा, नाहीतर ज्येष्ठांना तीच चढण उन्हात परत चढावी लागते. बूट चांगले घाला, संगमरवर घासून गुळगुळीत झालाय. स्वस्तातली टूर घेतली तर शेवटी गालिच्याच्या दुकानात तासभर जाणार हे गृहीत धरा. आणि आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी महत्त्वाचं, तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत नाही. ग्रीसमधून तिकडे गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, सिंगल असला तर परत ग्रीसमध्ये यायचे वांधे. पोर्ट बदलल्याचं कळलं की टूर घ्यायच्या आधी रिसेप्शनला विचारा, आम्ही भारतीय पासपोर्टवाले, आम्हाला उतरता येईल ना, काही करावं लागेल का. काही जहाजांवर आपले पासपोर्ट त्यांच्याकडेच जमा असतात तेही बघा. युरोपचं ई-सिम तुर्कस्तानात चालेलच असं नाही, पॅकमधली देशांची यादी वाचून घ्या.

इटलीत तर वेगळाच घोळ होतो, टूरचं नाव तेच राहतं आणि पोर्ट बदलतं. लिव्होर्नोऐवजी ला स्पेझिया किंवा उलटं. दोन्हीकडून फ्लॉरेन्सची टूर विकतात. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स दीड तासाच्या आसपास, ला स्पेझियाहून दोन तासांच्या आसपास. मग फ्लॉरेन्सचा हट्ट कशाला, ला स्पेझियाच्या स्टेशनवरून चिंक्वे तेर्रेचं, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांतलं पहिलं गाव लोकल ट्रेनने दहाएक मिनिटांवर आहे. तिथे जा ना. इटलीहून ग्रीसला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं हेही लक्षात असू द्या, आणि जहाजावरची वेळ कोणती चालू आहे ते उतरताना गेटवरच्या माणसाला विचारा, मोबाइलवर विसंबू नका.

पैशांचं सांगायचं राहिलंच. जहाजाकडून घेतलेली सँटोरिनीची टूर आपोआप रद्द झाली आणि पैसे जहाजावरच्या अकाउंटला आले. पोर्ट टॅक्सचेही थोडे आले, फार नाही, दोन कॉफीचे म्हणा. क्रूझ कंपनी पोर्ट बदलू शकते हे तिकिटाच्या अटींतच असतं त्यामुळे डेस्कवर भांडून काही मिळत नाही, भांडणारे बघितले मी. पण आम्ही बाहेरून एक ड्रायव्हर-गाइडही बुक केलेला, दुपारी सँटोरिनीवरच्या ओइया गावाला न्यायला, अर्धे पैसे आगाऊ. नवरा म्हणाला, जहाजच आलं नाही तर त्याला कळेलच की. त्याला कळलं असेल हो, पण आम्ही काही कळवलं नाही, रात्री दहाला मेसेज केला, आणि बुकिंगच्या अटीत लिहिलेलं की जहाज आलं नाही तर पूर्ण रिफंड, मात्र ठरलेल्या वेळेच्या आधी कळवायला हवं. गेले पैसे. सकाळी सात वाजता दोन ओळी टाकल्या असत्या तर मिळाले असते. म्हणून बुक करतानाच ही ओळ शोधा, नसेल तर लिहून मागा, आणि घोषणा झाली की दात घासायच्या आधी हा मेसेज करा. पळायचंच असेल तर याच्यासाठी पळा. इन्शुरन्समध्ये चुकलेल्या पोर्टचं कव्हर असेल तर जहाजाकडून पोर्ट रद्द झाल्याचं पत्र त्याच दिवशी घ्या, घरी आल्यावर ईमेल करत बसण्यात अर्थ नाही.

पांढरे-निळे कपडे शेवटी आम्ही दुसऱ्या दिवशी डेकवर घातले. टिकल्यांसकट. फोटो छान आलेत, फक्त प्रत्येकात आमच्या मागे ती नारिंगी टेंडर बोट लटकलेली दिसते.