अल्ट-अ‍ॅझ माउंटवर लांब एक्स्पोजर: या चुका टाळा

मधले तारे टपोरे गोल, कोपऱ्यातले मात्र वाकड्या रेघांसारखे. दर हिवाळ्यात मला असे फोटो दाखवून विचारतात, "ट्रॅकिंग कुठे चुकतंय?" ट्रॅकिंग चुकत नाहीये. अल्ट-अ‍ॅझ माउंट, म्हणजे दुर्बिणीचा मोटरवाला स्टँड, वर-खाली आणि आडवं सरकत ताऱ्याच्या मागे जातं, पण आकाश फिरतं ध्रुवाभोवती. मधला तारा जागेवर राहतो, बाकीचं चित्र त्याच्याभोवती गोल फिरतं. यावर "गाईडर घे" असा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. गाईडर, म्हणजे ट्रॅकिंग सुधारणारा जोड-कॅमेरा, एक तारा धरून ठेवतो, फिरणं थांबवत नाही. नवख्याचे पैसे मात्र जातात.

यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. जानेवारीचा मध्य, वेल्ह्याजवळचं शेत. मृगातला तेजोमेघ साडेदहाला दक्षिणेला 66 अंश उंच आला. एवढा वर म्हणजे हीच वेळ, असं मानून दोन-दोन मिनिटांच्या चाळीस फ्रेम घेतल्या. कोपरे बिघडलेले दिसत होते, म्हणून मध्येच तीनदा माउंटचं अलाइनमेंट (ताऱ्यांवरून दिशा जुळवणं) केलं. काही फरक नाही. घरी गणित मांडलं तेव्हा कळलं: पुण्याच्या अक्षांशावरून त्या जागी चित्र ताशी सुमारे 35 अंश फिरतं, म्हणजे एका फ्रेममध्ये अंशाहून जास्त. आठ वाजता तेजोमेघ पूर्वेकडे 45 अंशांवर होता, तेव्हा हाच वेग ताशी 10 अंशांच्या आसपास होता. तेव्हा मी चहा पीत बसलो होतो.

आता मी लक्ष्य पूर्वेला किंवा पश्चिमेला, 30 ते 50 अंशांवर असतानाच फोटो घेतो. डोक्यावर आलं की सोडून देतो. पंधरा सेकंदांच्या दोनशे फ्रेम, मग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम एकावर एक रचणं), शेवटी कडा कापायच्या. फ्रेमा एकमेकींच्या तुलनेत फिरल्या असतील तर सॉफ्टवेअर त्या जुळवतं, पण एकाच फ्रेममध्ये उमटलेली रेघ पुसता येत नाही. दोनशे फ्रेमांचा कंटाळा येत असेल तर चंद्राचे फोटो काढा, तेही सुंदर येतात.

शटर बोटाने दाबू नका, रिमोट लावा. जेपेग नको, रॉ. फोकस बाहतिनोव्ह मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) करा आणि थंडी वाढली की पुन्हा तपासा, कारण दुर्बिणीची नळी आकसते. डार्क फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याचे नको ते ठिपके वजा करायला घेतलेले काळे फोटो, घरी येऊन काढू नका. तिथेच, त्याच थंडीत, झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांच्या आणि त्याच आयएसओवर वीस घ्या, मगच सामान आवरा.