पुअरहाउसचं दप्तर शोधायला निघालात?

दुष्काळावर काम करणाऱ्याने फॅमिन कोड, म्हणजे ब्रिटिश काळातली दुष्काळ-निवारणाची नियमावली, चाळलेला असतोच, म्हणून ते पुराण लावत नाही. अंगात बळ असलेल्याला खडी फोडायला पाठवायचं, गावात घर असलेल्या अपंगाला तिथेच धान्य-पैसा द्यायचा आणि उरलेल्या निराधारांना पुअरहाउसमध्ये, म्हणजे दुष्काळी आश्रयघरात, घालायचं, एवढं लक्षात असलं की पुरे.

मुंबई इलाख्यासाठी सुरुवात मुंबईच्या पुराभिलेखागारात, महसूल खात्याच्या फॅमिन खंडांपासून करा. 1896-97 चा दुष्काळ हवा असेल तरी 1898 चे खंड मागवाच. पाऊस पडला म्हणून हिशेबाची पत्रं थांबत नाहीत.

आता या खंडांतले पुअरहाउसचे तक्ते. इथे सावध. महिन्याखाली 30,000 असा आकडा दिसला की हात शिवशिवतात, ‘तीस हजार लोकांनी आश्रय घेतला’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. स्तंभाच्या डोक्यावर ‘युनिट’ आहे का बघा. युनिट म्हणजे एक माणूस, एक दिवस. ते 30,000 म्हणजे महिनाभर राहिलेली हजार माणसं असतील, नाहीतर पंधरा-पंधरा दिवस राहिलेली दोन हजार. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण यापायी पुन्हा लिहावं लागलं. बरं, दिवसांनी भागून सरासरी काढली तरी माणसं मोजली गेली असं नाही. पुअरहाउसमधलं शिजवलेलं अन्न जातीमुळे चालत नाही म्हणून कुणी निघून जाई, कुणाला जरा ताकद आली की कामावर धाडत, आणि तीच माणसं आणखी खंगून पुन्हा दाराशी. आकडा घटला म्हणजे लोक सावरले असंही धरू नका. मेलेले, पळालेले, कामावर पाठवलेले वेगळे दाखवलेत का ते आधी पाहा.

नावं मात्र या खंडांत फारशी मिळत नाहीत. त्यासाठी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही; आणि पुअरहाउसची जागा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर तिचं मृत्यू-रजिस्टर. परगावचा माणूस जिथे मेला तिथेच त्याची नोंद, त्यामुळे त्याच्या गावच्या पानांत शोधत बसू नका. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी ही जुनी बाडं उघडली गेली, स्कॅन झाली. पण तो शोध कुणबी नोंदींचा होता. संकेतस्थळावर तुमचं पान नाही म्हणजे ते कपाटातही नाही, असं नव्हे.

आणि मोडी शिका. पानामागे पैसे मोजून वाचून घेणं मला पटत नाही, मग गाइड काहीही म्हणोत. आकडे, महिने आणि ‘मयत’, ‘पटकी’ (कॉलरा), ‘परगावचा’ एवढं ओळखू आलं तरी निम्मं बाड उलगडतं. पहिले काही दिवस सगळ्या मुंग्याच दिसतात. दिसू द्या, डोळा बसतो.

पुअरहाउसच्या आतलं जगणं सरकारी कागदांत शोधू नका. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. तिथल्या पुअरहाउसांतले हाल त्यांनी लिहून ठेवलेत. फक्त ते वर्णन उचलून नगर-सोलापूरला चिकटवू नका, तो प्रांत वेगळा, कारभार वेगळा.

रेकॉर्ड रूममध्ये पहिलं उत्तर ‘नाही’च येतं, मनावर घेऊ नका. कागदांचे अ, ब, क, ड वर्ग असतात; अ कायमचा, ड वर्षभरात रद्दी. रोजच्या हजेरीपटाची आशा सोडा, पण अ वर्गाची यादी मागा. आणि अर्जात तालुका, गाव, साल, नमुना स्पष्ट लिहा. ‘दुष्काळविषयक जुने कागद’ एवढंच लिहिलंत तर शिपाई हात हलवत परत येणार.