केस शीटवर पेशंटचा बांधा नीट कसा लिहायचा

जनरल एक्झामिनेशनची पहिली ओळ म्हणजे 'मॉडरेटली बिल्ट, मॉडरेटली नरिश्ड', पेशंटचं तोंड बघायच्या आधीच लिहून मोकळे, खोटं कशाला बोलू, इंटर्न असताना मीपण हेच करायचो. मग एकदा गोव्यातल्या काणकोणकडचा एक रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा मासेमार) अ‍ॅडमिट झाला, खांदे हे एवढे रुंद, मनगटं जाडजूड, मी बिनधास्त दोन्हीकडे 'वेल' ठोकलं. सर काही बोलले नाहीत, फक्त त्याचा पट्टा दाखवला. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं!

तर बिल्ट म्हणजे हाडापेराचा सांगाडा, नरिश्ड म्हणजे त्यावरचं मांस आणि चरबी, आणि दोन्ही वेगवेगळं बघायचं. पोटावर जाऊ नका, पोटात पाणी झालं असेल तर वजन भरतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) नॉर्मल येतो आणि माणूस मात्र आतून वाळलेला असतो. कानशिलं खोल गेलीत का बघा, गळ्याची हाडं वर आलीत का बघा, मग अंगठा तर्जनीला घट्ट चिकटवायला सांगून पंजाच्या मागच्या बाजूला दोघांच्या मधे चाचपा, तिथे टणक उंचवटा यायला हवा, खळगा लागला तर मांस झडलंय.

सांगाड्यासाठी उंची मोजा, आणि पेशंट लंबूटांग दिसला तर हात आडवे पसरायला लावून या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत टेप लावा. साधारण उंचीएवढंच भरतं, 1.05 पटीच्या वर गेलं तर मार्फान (हातपाय लांबवणारा आणि हार्टलाही धरणारा जन्मजात आजार) डोक्यात ठेवून हार्ट नीट ऐका.

बीएमआयला आपल्याकडे 23 पासून ओव्हरवेट आणि 25 पासून लठ्ठ धरतात, पुस्तकातले 25 आणि 30 इथे लावू नका. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर मोजायची, पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80 ही लिमिट. 'दोतोर, माझी पँट 34ची' यावर विश्वास नको, पँट पोटाखाली असते.

एक्टोमॉर्फ (काटकुळा), एंडोमॉर्फ (गोलमटोल) वगैरे जिमवाल्यांना राहू दे. शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात बांध्यावरून स्वभाव सांगायला ते काढलेलं, केस शीटवर त्याचं काय काम?

रापणकाराची ओळ शेवटी अशी झाली: उंच, रुंद हाडांचा, कानशिलं खोल, दंड बारीक, चार महिन्यांत पट्टा दोन भोकं आत.