लँडलाइनचा कॉल आपोआप मोबाइलवर कसा घ्यावा

नागपूरच्या इतवारीतल्या कितीतरी दुकानांच्या पाटीवर आणि बिलबुकावर अजूनही ०७१२ ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरावर फोन करतात आणि दुकान बंद असलं की घंटी वाजून वाजून थांबते. हे कॉल मोबाइलवर घेता येतात, नवा फोन घ्यावा लागत नाही. कॉल वळवण्याचं काम तुमचा फोन करतच नाही, ते टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतं. म्हणून सगळे कॉल वळवून ठेवले असतील, तर खोदकामात केबल तुटली तरी ते मोबाइलवर येत राहतात. मात्र लाइन बंद पडल्यावर त्या फोनवरून कॉल वळवण्याचा कोड दाबता येत नाही. गल्लीत सिमेंट रोडचं काम निघालं की आधीच ही सोय करून ठेवा.

पहिल्यांदा कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा: माझ्या नंबरावर कॉल फॉरवर्डिंग सुरू आहे का, कोड कोणते आणि वळवलेल्या कॉलचे पैसे किती? कोड कंपनीप्रमाणे, एक्सचेंजप्रमाणे बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याचा कोड तुमच्याकडे चालेलच असं नाही.

मग फोन उलटा करून पाहा. टी आणि पी लिहिलेलं छोटं बटण असेल, तर ते टी वर हवं. पी वर असलं की स्टार आणि हॅशचा काही उपयोग होत नाही.

आता कोणते कॉल वळवायचे ते ठरवा: सगळे, लाइन बिझी असतानाचे, की न उचललेले. दुकान बंद करून घरी निघताना 'सगळे' ठीक. घरासाठी मात्र मी 'न उचललेले' हाच प्रकार सुचवेन. मे महिन्यात हॉलमधला कूलर सुरू असला की आतल्या खोलीत घंटी ऐकूच येत नाही. या प्रकारात आधी घरचा फोन वाजतो, कोणी घेतला नाही तरच कॉल मोबाइलवर जातो.

बऱ्याच देशांत रूढ असलेला कोड असा: रिसीव्हर उचला, डायल टोन ऐका, स्टार २१ स्टार, मग नंबर, शेवटी हॅश. न उचललेल्यांसाठी २१ च्या जागी ६१, बिझीसाठी ६७. बंद करायला हॅश २१ (किंवा ६१, ६७) हॅश. तुमच्या कंपनीने वेगळा कोड सांगितला असेल तर तोच वापरा.

नंबर टाकताना मोबाइलच्या दहा आकड्यांआधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य सक्तीचं आहे आणि ते राहिलं तर सगळी खटपट वाया जाते. ऑफिसात इंटरकॉम असेल तर आधी बाहेरची लाइन घ्या, नाहीतर कोड एक्सचेंजपर्यंत पोचतच नाही.

तपासताना ज्या मोबाइलवर कॉल वळवलाय त्यावरूनच लँडलाइनला फोन लावू नका, तिसरा फोन घ्या. न उचललेले कॉल वळत नसतील तर फॅक्स किंवा आन्सरिंग मशीन आधीच उचलत नाही ना, ते बघा.

एक कळकळीची विनंती. कुरिअरवाला किंवा बँकवाला म्हणवणारा कोणी असा कोड दाबायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. तुमचे कॉल, त्यात फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही, त्याच्याकडे जाऊ लागतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरची अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली.

कस्टमर केअरशी बोलताना हॉटलाइनचंही विचारून घ्या. यात रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच दाबलं नाही, तर ठरलेला नंबर आपोआप लागतो. आकडे नीट न दिसणाऱ्या आजीसाठी यापेक्षा सोपी सोय मला माहीत नाही. फक्त लाइन फायबरची असेल तर मोडेमला इन्व्हर्टर जोडा, कारण वीज गेली की तो फोनही बंद पडतो.