संगीत शिकवायला शिकायचंय आणि परदेशातही जायचंय? बडोद्याच्या पोरांसाठी

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1886 मधे गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तीच आज सूरसागरच्या काठावर युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, त्यामुळे आधी डिग्री इथेच नीट करा, घाई नको.

मग पद्धत निवडा. लहान मुलांना नाच, खेळ, वाद्यं यातून शिकवायचं असेल तर जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फची पद्धत, त्यासाठी ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग. गळ्यातून, म्हणजे गाऊन शिकवायचं असेल तर हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदायची पद्धत, त्यासाठी हंगेरीतलं केचकेमेट, कोदाय तिथलाच, आणि त्याच्या नावाची इन्स्टिट्यूट 1975 पासून चालू आहे. मला विचाराल तर आपल्या गाणाऱ्यांनी कोदायच घ्यावं, कारण त्यात 'दो' (त्यांचा सा) सरकतो, म्हणजे आपला सा जसा पेटीच्या काळी एकवर धरा नाहीतर पांढरी चारवर, सा तो साच, आणि ताल ते लोक 'ता, टी-टी' असा तोंडाने म्हणतात, आपली पढंतच (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं) की! फक्त प्रत्येक सुरासाठीच्या हाताच्या खुणा नव्या आहेत, त्या आरशासमोर रोज दहा मिनिटं करा.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) मात्र इथूनच शिकून जा, नाहीतर तिकडे पहिले दोन महिने फार जड जातात.

फीसाठी हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगेरिकम स्कॉलरशिप बघा. आणि अर्जाआधी दांडिया बाजारातल्या एखाद्या बालवाडीत चार महिने खरंच शिकवा, रोजची वही ठेवा, कुठलं पोर कुठे बेसूर होतं ते लिहा, मुलाखतीत बोलायला तेच उपयोगी पडतं.