मांजरांसकट भाड्याचं घर शोधताना

कुत्र्याला माणसाचा लळा आणि मांजराला घराचा, असं माझी आजी म्हणायची. माझ्या चिंगी आणि बंड्याला मात्र गेल्या नऊ वर्षांत पुण्यात चार घरं बदलावी लागली. प्रत्येक वेळी मी काहीतरी शिकत गेले. "मांजर असेल तर नको हं" हे वाक्य ज्यांनी फोनवर ऐकलंय, त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मांजर लपवू नका. कर्वेनगरच्या घरात मी लपवलं होतं. एजंटच म्हणाला होता, "मॅडम, सांगूच नका, कोण बघायला येतंय?" चार महिन्यांनी मालक टाकीचं काम बघायला आले आणि खिडकीत बसलेली चिंगी त्यांना खालूनच दिसली. मांजरापेक्षा खोटं बोलल्याचा त्यांना जास्त राग आला, आणि तो बरोबरच होता. ऐन पावसात, जूनमध्ये, महिन्याभरात घर सोडावं लागलं. तेव्हापासून पहिल्याच फोनवर मी सांगते: "आम्ही दोघं नोकरी करतो, आणि दोन मांजरं आहेत. दोघांची नसबंदी आणि लसीकरण झालंय, आम्ही त्यांना बाहेर सोडत नाही." बरेच जण तिथेच नाही म्हणतात. म्हणू द्या, तुमची एक फेरी वाचली. पण या नकारांसाठी वेळ हाताशी हवा, म्हणून घर सोडायच्या निदान दोन महिने आधी शोध सुरू करा.

एजंटचा नकार हा मालकाचा नकार असतोच असं नाही. पुष्कळदा त्याने मालकाला विचारलेलंच नसतं. "एकदा मालकांशी माझं बोलणं करून द्या, पुढचं मी बघते" एवढं म्हणायचं. मालक नाही म्हणाले तर नेमकी कशाची भीती वाटते ते शांतपणे विचारायचं. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा तीनच गोष्टींची असते: वास, फर्निचर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी.

माणिकबागेतल्या काकूंनी सरळ विचारलं, "वास येतो ना गं?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही आमच्या आत्ताच्या घरीच चहाला या. आधी कळवू नका, कधीही या." त्या शनिवारी संध्याकाळी सुनेला घेऊन आल्या. दारातच थांबून त्यांनी एक मोठा श्वास घेतला. मग बाथरूममधली मांजरांची शी-शूची वाळूची पेटी स्वतः वाकून पाहिली. ओलं झालं की त्या वाळूचा घट्ट गोळा होतो आणि तो जाळीच्या झाऱ्याने सकाळ-संध्याकाळ उचलून टाकायचा असतो, हे मी त्यांना प्रत्यक्ष करून दाखवलं. काथ्याची दोरी गुंडाळलेलं जुनं स्टूल दाखवलं, दोन्ही मांजरं तिथेच नखं घासतात. सोफ्याच्या कडेवरून काकूंनी बोट फिरवून पाहिलं. जाताना म्हणाल्या, "माहेरी कोकणात मांजराशिवाय घर नव्हतं आमचं. पण माझा शिसवी पलंग आहे त्या खोलीत." मी म्हटलं, पलंग घेऊन जा, आम्हाला रिकामंच घर हवंय. पलंग गेला आणि घर मिळालं. म्हणून सांगते, मांजरवाल्यांनी फर्निश्ड फ्लॅटच्या मागे लागू नये.

नसबंदी झालेली नसेल तर शोध सुरू करण्याआधी करून घ्या. वयात आलेला बोका भिंतींवर लघवीचे फवारे मारतो आणि तो वास घरमालक जन्मभर विसरत नाहीत. लसीकरणाचं कार्ड (रेबीज आणि तीन रोगांची एकत्रित लस), नसबंदीचं प्रमाणपत्र, मांजरांचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवाना आणला, तोही काढून त्यात लावा. पण सगळ्यात वजन पडतं ते आधीच्या घरमालकाच्या शब्दाला. जुनं घर सोडताना भिंती पुसून, जाळ्या धुऊन द्या आणि "नवीन मालकांनी फोन केला तर दोन शब्द सांगाल ना?" असं विचारून ठेवा.

आणखी एक प्रश्न आधीच सोडवून टाका: घर "फक्त शाकाहारी" आहे का? आपण घरात मासे शिजवत नसलो तरी मांजराच्या कोरड्या खाऊतसुद्धा बहुधा चिकन किंवा मासे असतात. मालकाच्या घरात ते चालणार नसेल तर त्यांच्या भावनेचा मान ठेवून दुसरं घर बघावं. अशा ठिकाणी लपूनछपून राहण्यात कुणालाच सुख नाही.

सोसायटीचा आक्षेप ही वेगळी बाब आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्या मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत, पण सेक्रेटरींशी बोलताना मांजरवाल्यांनाही आधार होतो. मात्र तो कागद घरमालकापुढे नाचवू नका. स्वतःचा फ्लॅट कोणत्या अटींवर द्यायचा हे मालक ठरवतो, आणि त्याच्याशी कायद्याने नाही, विश्वासानेच जमतं.

होकार मिळाला की तो करारात उतरवून घ्या. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या तयार मसुद्यात "पाळीव प्राणी ठेवू नयेत" ही ओळ पुष्कळदा छापलेलीच असते आणि एजंट ती तशीच पुढे सरकवतो. अंगठा देण्याआधी मसुदा मागवून वाचा. ती ओळ काढायला लावून तिथे लिहून घ्या: "भाडेकरूकडे दोन पाळीव मांजरे असून त्यास मालकांची संमती आहे, मांजरांमुळे झालेले नुकसान भाडेकरू भरून देईल." महाराष्ट्रात या कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्यामुळे "नोंदणी कशाला" म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका, नाहीतर तोंडी होकार हवेत विरतो. डिपॉझिट थोडं जास्त मागितलं तर मी देते, कारण ते परत मिळतं. मांजरांच्या नावाने दरमहा जादा भाडं मात्र मी कधी मान्य केलं नाही.

घर बघायला जाल तेव्हा आधी खिडक्या बघा. जुन्या इमारतींतल्या बाहेर काढलेल्या लोखंडी पेट्यांच्या खिडक्या मांजरांसाठी उत्तम, ऊन खायला हक्काची जागा. नव्या फ्लॅटच्या काचेच्या कठड्याच्या बाल्कनीला जाळी लावायची परवानगी आहे का, ते त्याच भेटीत विचारून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बंड्याने खालच्या कोपऱ्यात कुरतडून डोकं जाईल एवढं भोक पाडलं होतं, तेही चौथ्या मजल्यावर. वेळेत दिसलं म्हणून तो वाचला. आता मी तारेचीच जाळी लावते.

सामान हलवायच्या दिवशी मांजरं सगळ्यात शेवटी न्या, प्रत्येकाची न्यायची वेगळी पेटी, दार घट्ट लावलेलं. नव्या घरात दोन-तीन दिवस त्यांना एकाच खोलीत ठेवा, त्यांची वाळूची पेटी, पाणी आणि खाणं तिथेच. रोज ज्या गोधडीवर झोपतात ती न धुता तशीच आणा आणि त्याच खोलीत अंथरा.