बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांची कलचाचणी शाळेत आणि घरी कशी घ्यावी

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आठवड्याभरात घरात ठरतं: सायन्स, कॉमर्स, डिप्लोमा की आयटीआय. बहुतेक वेळा टक्के आणि शेजारच्या मुलानं काय घेतलं, एवढ्यावरच ठरतं. महाराष्ट्र बोर्डानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. इथली मराठी माध्यमाची मुलं कर्नाटक बोर्डाची, त्यामुळे तो कागद त्यांच्या हाती कधी आलाच नाही. तेव्हा हे काम शाळेनं किंवा पालकांनी स्वतःच अंगावर घ्यायचं. साधनं महाग नाहीत. पण ती मुलाच्या भाषेत आणि इथल्या कामांवर बेतून घेतली नाहीत, तर निकालातून मुलाचा कल कळत नाही, त्याचं इंग्रजी किती कच्चं आहे तेवढंच कळतं.

वेळ नववी संपताना किंवा दहावीच्या जून-जुलैत. जानेवारीनंतर नको. पूर्वपरीक्षेच्या धास्तीत मुलगा काहीही भरून मोकळा होतो.

आवडीची प्रश्नावली

सुरुवात इथून करा, कारण ती फुकट आहे. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये कामांचे आणि माणसांचे सहा गट मांडले. मराठीत ते असे समजावता येतात: हातकामाचा, शोधाशोधीचा, कलेचा, माणसांत रमणारा, पुढाकार घेऊन व्यवहार करणारा आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारा. या गटांवर बेतलेली 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही प्रश्नावली अमेरिकेच्या कामगार खात्यानं इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. छोट्या आवृत्तीत ६० प्रश्न, प्रत्येक गटाचे १०. उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एका गटात जास्तीत जास्त ४०.

ती इंग्रजीत आहे, म्हणून भाषांतर करावं लागतं. इथंच बहुतेकांचं बिघडतं. एक प्रश्न विटा किंवा फरशी बसवण्याचा आहे. अमेरिकेतल्या मुलाला ते एक कसबी काम वाटतं. खानापूरच्या वीटभट्टीवर ज्याची आई राबते, तो मुलगा त्यावर 'अजिबात नको' अशी खूण करतो. ती खूण त्याच्या आवडीची नसते, घरच्या दमणुकीची असते. मूळ सूचनेतच म्हटलं आहे की पगार आणि लागणारं शिक्षण मनात आणू नका. ही सूचना एकदा वाचून पुढं जाऊ नका. दर दहा प्रश्नांनी पुन्हा सांगा: "सगळ्या कामांना पगार सारखाच आहे, मान सारखाच आहे, असं समज. आता सांग."

भाषांतर एकानं करावं आणि ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत करावं. जिथं दोन्ही जुळत नाहीत ते वाक्य बदला. उत्तरांचे पर्याय बोलीतलेच ठेवा: अजिबात नको, नको, सांगता येत नाही, आवडेल, फार आवडेल. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला प्रश्न वाचून दाखवा, खूण मात्र त्याची त्यालाच करू द्या. पालक खोलीबाहेर. वीसेक मिनिटं पुरतात.

गुण वाचताना सगळ्यात वरचे दोन गट पाहा, एकच नको. वरचा आणि खालचा गट यांत पाच-सहा गुणांचंच अंतर असेल तर तो निकाल सपाट आहे, त्यावरून काहीही सांगू नका. असा मुलगा एक तर कंटाळून भरत गेलेला असतो, नाहीतर त्यानं कामं पाहिलेलीच नसतात. दुसरं कारण आपल्याकडं जास्त आढळतं आणि त्यावर उपाय पुढं दिलेली कारखान्याची फेरी.

संकेतस्थळ शेवटी जी नोकऱ्यांची यादी देतं ती अमेरिकेची, ती बाजूला ठेवा. गटांची जोडी इथल्या कामांशी आपणच लावायची. हातकाम आणि नोंदी वर असतील तर सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर, तपासणीस, स्टोअरकीपर. हातकाम आणि शोध असतील तर टूल अँड डाय (कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणं), मेंटेनन्स, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. माणसं आणि नोंदी असतील तर बँक, सोसायटी, दवाखान्यातला नोंदणी विभाग. कामांची नावं आणि प्रत्येक कामात नेमकं काय करतात हे केंद्र सरकारच्या 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५' मध्ये सापडतं. तिथं प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी क्रमांक आहे. नोकऱ्या आणि समुपदेशनासाठी २०१५ सालीच सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आहे.

पालकांकडून हीच प्रश्नावली 'माझ्या मुलाला काय आवडेल' असं धरून वेगळी भरून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणत्या प्रश्नावर बोलायचं ते आपोआप दिसतं, वाद घालावा लागत नाही.

क्षमतेच्या चाचण्या

आवड आणि जमणं या दोन वेगळ्या गोष्टी. जमण्यासाठी डीबीडीए किंवा डीएटी यांसारखे संच वापरतात. त्यांत भाषा, अंक, आकृतींची कल्पना, तर्क, यांत्रिक समज अशा क्षमता वेगवेगळ्या मोजतात, त्याही घड्याळ लावून. त्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच घ्याव्यात. फी भरण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारा: चाचणी कोणत्या भाषेत होणार, आणि तुलना कोणत्या मुलांशी करणार? शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी तुलना झाली तर आपल्या मुलाचा भाषेचा गुण खाली येणारच. अहवालात भाषा खाली पण आकृती आणि यांत्रिक समज वर असेल, तर 'बुद्धी बेताची' असा अर्थ काढू नका. आधी भाषेवर संशय घ्या.

अहवालातला पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ४० पर्सेंटाइल म्हणजे तुलनेतल्या शंभरांपैकी साधारण ४० जणांच्या पुढं. पालक हा आकडा पासिंगच्या गुणांशी ताडून पाहतात आणि उगाच घाबरतात.

हाताची परीक्षा

कागदावर न दिसणारं इथं दिसतं, म्हणून यावर वेळ घालवा. २० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी घ्या, तिला ९ मिलिमीटरची २० भोकं पाडून घ्या. एम-८ मापाचे, ४० मिलिमीटर लांबीचे २० बोल्ट, २० नट, ४० वॉशर आणि १३ नंबरचे दोन पाने. बोल्ट, वॉशर, फळी, पुन्हा वॉशर, नट असा क्रम एकदाच करून दाखवा. सगळं सामान एका ताटात मिसळून समोर ठेवा आणि घड्याळ सुरू करा.

एकच फेरी घेऊन थांबू नका, तीन घ्या आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती द्या. गॅरेजमध्ये उठबस असलेला मुलगा पहिल्याच फेरीत पुढं असतो. ती सवय झाली, कल नव्हे. पहिल्या फेरीत मागं राहून तिसऱ्यात वेळ निम्म्यावर आणणारा मुलगा खरा लक्षात ठेवायचा. नुसती मिनिटं लिहू नका, हेही लिहा: सुरू करण्याआधी सामान वेगळं केलं का, नट आडवा चढला तेव्हा जोर लावला की उलटा फिरवून पुन्हा बसवला, खालचा बोल्ट फिरतोय हे कळून दुसरा पाना लावला का. आडव्या नटावर जोर लावणाऱ्याला लगेच नापास करू नका. एकदा दाखवा आणि पुढच्या फेरीत तो तीच चूक करतो का ते पाहा. बाहेरचं कुठलंही प्रमाण इथं लावायचं नाही, तुलना त्याच वर्गातल्या आठ-दहा मुलांत.

दुसरा नमुना व्हर्निअरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या मापकाचा. टर्नरकडून वेगवेगळ्या व्यासाचे पाच तुकडे मागून आणा, कुशल माणसाकडून मापं घेऊन चिठ्ठीवर लिहून ठेवा. ०.०२ मिलिमीटर अल्पतम मापाचा व्हर्निअर दहा मिनिटं शिकवा आणि पाचही तुकडे मोजायला द्या. पाचही मापं एकाच दिशेनं तेवढ्याच अंतरानं चुकली तर शून्याची चूक (जबडे मिटल्यावर मापक शून्य दाखवतो का) पाहायची राहिली आहे, हात चांगला आहे. मापं इकडं-तिकडं विखुरली तर पकड आणि दाब यांत घोळ आहे.

शिलाईचा कल पाहायचा तर कागदावर सरळ रेघ, काटकोन आणि गोगलगाईसारखी वळत जाणारी रेघ काढा. पायमशीनमधला दोरा काढून नुसती सुई कागदावरून चालवायला लावा. रेघेबाहेर पडलेली भोकं मोजा. ही चाचणी फक्त मुलींना देण्याचं कारण नाही.

डोळ्यांचं विसरू नका. इशिहारा पुस्तिकेत रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायचा असतो. ती दिवसाउजेडी, साधारण ७५ सेंटिमीटरवरून, एका पानाला तीनेक सेकंद देऊन पाहतात. मोबाइलवर पाहून उपयोग नाही, पडद्याचे रंग बदलतात. नेत्रतज्ज्ञाकडं हे काम दहा मिनिटांचं असतं. इलेक्ट्रिशियन, रेल्वे किंवा सैन्य डोक्यात असेल तर हे सगळ्यात आधी करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं भरतीचं स्वप्न इथं घरोघरी आहे, आणि रंगदोष मैदानावर कळण्यापेक्षा दोन वर्षं आधी कळलेला बरा.

कारखान्याची फेरी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक भागातल्या ओळखीच्या कारखान्यात अर्धा दिवस मागा. अठराच्या आतलं मूल फक्त पाहील, कशालाही हात लावणार नाही, हे मालकाला आधीच सांगा. पायात चप्पल नको, बूट हवेत. फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग म्हणजे साचा, कोअर म्हणजे आतल्या पोकळीचा गाभा आणि फेटलिंग म्हणजे ओतलेल्या तुकड्याची साफसफाई, अशा तिन्ही ठिकाणी वीस-वीस मिनिटं उभं करा, मग मशीनशॉपमध्ये. सकाळी दहाला नेलं तर भट्टीची खरी धग कळेलच असं नाही. ओतकाम कधी आहे ते विचारून तीच वेळ धरा. हेल्पर, ऑपरेटर आणि सुपरवायझर अशा तिघांना मुलानं एकच प्रश्न विचारावा: इथपर्यंत यायला किती वर्षं लागली आणि मध्ये काय शिकलात? निपाणीकडं हेच तंबाखूच्या वखारीत, वडगाव-खासबागेत यंत्रमागावर करता येतं. परत आल्यावर त्याच संध्याकाळी हातकामाचे दहा प्रश्न पुन्हा भरून घ्या. पहिल्या गुणांत आणि या गुणांत पडलेला फरक हा सगळ्या चाचणीतला सर्वात भरवशाचा आकडा.

जाता जाता कन्नडही तपासा. सुरक्षेच्या सूचनांची पाटी वाचता येते का, हजेरीचा साधा फॉर्म भरता येतो का, एवढंच पाहा. राज्य सरकारी नोकरीचा विचार असेल तर हे पुढं ढकलू नका.

कोणत्या राज्याची वाट

कल कळला तरी प्रवेशाची वाट इथं दुहेरी आहे. कर्नाटकात पीयूसीनंतर (अकरावी-बारावीनंतर) केसीईटी ही व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्य प्रवेश परीक्षा. त्याच्या पात्रतेच्या मुख्य नियमात पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं राज्यात शिकलेलं असणं आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असणं, हे दोन्ही लागतं. म्हणजे अकरावी-बारावीला कोल्हापूरला पाठवण्याआधी वर्षं मोजा. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. ते जूनमध्ये धावपळ करून मिळवण्यापेक्षा आधीच काढून ठेवा. नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा.

हातकाम वर आलेल्या मुलासाठी जीटीटीसी या सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्राचा टूल अँड डाय डिप्लोमा पाहावा: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 'डिप्लोमा घेतला की रस्ता बंद' हा समज म्हणूनच चुकीचा.

मूल दिव्यांग असेल तर वेळेच्या चाचण्यांवर भिस्त ठेवू नका. तेच काम वेळेविना, मग टेबलाची उंची किंवा पकडीचं साधन बदलून पुन्हा करून घ्या आणि दोन्हींतला फरक लिहा. दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र बंगळुरूला आहे, तिथं असं मूल्यमापन होतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असल्यास सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आहेत.

सगळे कागद एका फायलीत, प्रत्येकावर तारीख आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते लिहून ठेवा. तीच क्षमता चाचणी सहा महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नका, सरावानं गुण फुगतात. आवडीची प्रश्नावली मात्र पीयूसीच्या पहिल्या वर्षी एकदा परत भरून घ्या.